बसतं म्हणून चालतं असं नाही

संगणकाचं झाकण उघडून आत हात घालणाऱ्या माणसाला पूर्वी एक मोठा आधार होता: जे चालणार नाही, ते सहसा बसायचंच नाही. आयडीई केबलच्या चाळीस भोकांपैकी विसावं भोक बुजवलेलं असायचं आणि मदरबोर्डावर त्या जागची पिन काढून टाकलेली असायची. केबल उलटी घालायला गेलं की ती ठाम नकार द्यायची. माणूस जोर लावायचा, मग आणखी जोर लावायचा, आणि दोन पिना वाकल्यावर आपलंच काहीतरी चुकतंय हे मान्य करायचा. हा व्यवहार उद्धट होता, पण त्यात संदिग्ध काही नव्हतं. आजची एम.२ एसएसडी मात्र अॅडॅप्टर कार्डात लोण्यासारखी जाते. इवलासा स्क्रू आवळला जातो, कार्ड स्लॉटमध्ये बसतं, कार्डावरचा दिवा लागतो, पंखे फिरतात, आणि संगणक अत्यंत सभ्यपणे विचारतो: कुठली ड्राइव्ह? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, ऐसपैस बसावं, आणि घाट लागल्यावर कळावं की ही गाडी आपल्या गावाची नव्हेच, तशातला हा प्रकार. जाणकार लगेच म्हणतात, पाटी वाचायला नको का? माझं म्हणणं त्याच्या जरा अलीकडचं आहे. प्रवाशाला वेड्यात काढण्याआधी गाडीला पाटी होती का, आणि असलीच तर ती एकाच गावाची होती का, हे बघायला हवं.

एम.२ची पाटी खरं तर विचार करून रंगवली होती. पट्टीची रुंदी बहुधा २२ मिलिमीटर, लांबी ३०, ४२, ६०, ८० किंवा ११०. म्हणून २२८० म्हणजे बावीस रुंद आणि ऐंशी लांब. संपूर्ण नामकरणात सरळ अर्थ लागतो असा आकडा हा एवढाच. पट्टीच्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर ७५ संपर्कांची जागा आहे, आणि त्यातल्या काही कापून खाच पाडतात. खाच १२ ते १९ या जागी असेल तर ती बी की, ५९ ते ६६ या जागी असेल तर एम की. वायफाय कार्डांची ई की वेगळीच, २४ ते ३१. म्हणजे जुन्या बुजवलेल्या भोकाचाच हा सुधारलेला अवतार: खाच जुळली तर आत ये, नाहीतर बाहेर थांब. पण याच एका पट्टीवरून दोन भाषा बोलायच्या ठरल्या. एक सॅटा, जी २००३ साली आली आणि तिसऱ्या पिढीत सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास येऊन थांबली. दुसरी एनव्हीएमई, जिचा पहिला आराखडा २०११ साली निघाला आणि जी पीसीआय एक्सप्रेसच्या लेनवरून थेट प्रोसेसरशी बोलते. सॅटाच्या मागची एएचसीआय ही व्यवस्था फिरत्या तबकड्यांच्या काळातली, तिच्यात एक रांग आणि रांगेत ३२ आज्ञा. एनव्हीएमईत पासष्ट हजारांवर रांगा आणि प्रत्येक रांगेत जवळपास तितक्याच आज्ञा. रांग लावण्याची एवढी सोय आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीला अजून जमलेली नाही. दोघींचं एकमेकींशी काडीचं साम्य नाही. साम्य आहे ते फक्त पट्टीच्या आकारात, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

कारण खाच पाडून झाल्यावर कुणाला तरी वाटलं की एवढा कडकपणा बरा नव्हे. मग दोन्ही खाचा असलेल्या पट्ट्या निघाल्या, बी+एम. सॅमसंगची ८६० ईव्हीओ, क्रुशियलची एमएक्स५००, वेस्टर्न डिजिटलची ब्लू, या सगळ्यांच्या एम.२ सॅटा आवृत्त्या अशा दोन खाचांच्या आहेत. त्या बी कीच्या स्लॉटमध्येही बसतात आणि एम कीच्याही. नकार देणं हेच ज्या खाचेचं काम, तिला दोन्हीकडे होकार द्यायला शिकवलं. लोकांनी त्यावरही एक ठोकताळा बसवला: दोन खाचा म्हणजे सॅटा, एक खाच म्हणजे एनव्हीएमई. हा ठोकताळा बरेच दिवस टिकला असता, पण वेस्टर्न डिजिटलची एसएन५२० आली, दोन खाचांची आणि तरीही एनव्हीएमई, कारण ती दोनच लेन वापरते. त्याआधी सॅमसंगची एक्सपी९४१ येऊन गेली होती: एकच खाच, पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी, पण भाषा एनव्हीएमई नव्हे, एएचसीआय. आणि २०१५ सालच्या एसएम९५१ने तर कमालच केली. तीच पट्टी, तीच खाच, तेच नाव, आणि आत कधी एएचसीआय तर कधी एनव्हीएमई. फरक मॉडेल नंबरात, म्हणजे लेबलावरच्या त्या ओळीत, जी वाचायला चष्म्याऐवजी भिंग लागतं.

आता अॅडॅप्टर कार्डाकडे वळू. मदरबोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट रिकामा पडलेला असतो आणि एम.२चा स्लॉट नसतो किंवा भरलेला असतो, म्हणून हे कार्ड घ्यायचं. काही शेकड्यांत मिळणाऱ्या साध्या कार्डावर काय असतं ते निरखून पाहिलं तर हसू येतं, कारण जवळजवळ काहीच नसतं. एका टोकाचे संपर्क दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या तांब्याच्या रेषा, चार-दोन कपॅसिटर, एक दिवा. दुभाषाचं काम करणारी चिप नसते. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून सॅटाचे संकेत येतच नाहीत, त्यामुळे सॅटाची पट्टी या कार्डात घातली की तिला ३.३ व्होल्टची वीज मिळते आणि बाकी काही मिळत नाही. ती जागी होते, आवरून तयार होते, आणि कुणीतरी सॅटात हाक मारेल याची वाट बघत बसते. यातली खरी गंमत वेगळीच आहे. एम कीच्या ६९व्या संपर्काचं कामच मुळी ओळख सांगणं हे आहे. सॅटाची ड्राइव्ह तो संपर्क ग्राउंडला जोडते, पीसीआय एक्सप्रेसवाली मोकळा सोडते. मदरबोर्डावरचा दोन्ही चालणारा स्लॉट ही खूण वाचतो आणि त्याप्रमाणे योग्य तारा पुढे करतो. म्हणजे ड्राइव्ह काहीएक लपवत नाही. विजेचा पहिला घोट मिळाल्यापासून ती आपलं कुळ सांगत असते, आणि साध्या कार्डावर ते ऐकून घेणारं कुणी नसतं. दिवा तेवढा लागतो. तो वीज आली एवढंच सांगतो, पण माणूस त्याचा अर्थ सगळं सुरळीत आहे असा लावतो.

दोन स्लॉटांचं कार्ड हा पुढचा अंक. त्यावर एक स्लॉट एनव्हीएमईसाठी, एम कीचा. दुसरा सॅटासाठी, बी कीचा. दुसऱ्याला पीसीआय एक्सप्रेसशी देणंघेणं नसतं, तो स्लॉटमधून फक्त वीज घेतो, आणि बोलण्यासाठी कार्डाच्या पाठीवरून एक सॅटा केबल मदरबोर्डापर्यंत ओढावी लागते. केबल जोडायची राहिली की ड्राइव्ह मुकी. आणि ती राहतेच, कारण कार्ड स्लॉटमध्ये बसवल्यावर शिवाय एक तारही लागेल हे सुचायला माणूस मुळात संशयी असावा लागतो. इथे खाचेचा न्यायही एकतर्फी आहे. एनव्हीएमईची एक खाचेची पट्टी चुकून सॅटाच्या बी स्लॉटमध्ये घालायला गेलात तर ती बसत नाही, खाच आपलं काम चोख करते. पण दोन खाचांची सॅटा पट्टी एनव्हीएमईच्या एम स्लॉटमध्ये घातलीत तर ती आनंदाने बसते आणि गप्प राहते. आपल्या हातून होणाऱ्या चुकांपैकी अर्ध्या अडवायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांना वाट मोकळी करून द्यायची, हे धोरण कुठल्या बैठकीत ठरलं असेल याची कल्पना करण्यात वेळ बरा जातो. दुकानदारांनी त्यात आपली भर घातली आहेच. एनजीएफएफ हे एम.२चंच जुनं नाव, पण ऑनलाइन बाजारात ते सॅटाच्या पट्टीसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे जाहिरातीत 'एम.२ चालेल, एनजीएफएफ चालणार नाही' असं वाचायला मिळतं.

पण चूक झाली यापेक्षा, चूक झाल्याचं कळत नाही हे अधिक वाईट. जोडी चुकली तर ड्राइव्ह दिसत नाही. केबल राहिली तर दिसत नाही. कार्ड नीट टेकलं नसेल तर दिसत नाही. ड्राइव्ह खरोखर मेलेली असेल तरी दिसत नाही. आणि, हा कळस आहे, सगळं अगदी बरोबर असेल तरीही दिसत नाही. कारण कोरी ड्राइव्ह डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करून तिच्यावर पार्टिशन पाडेपर्यंत विंडोज तिला धिस पीसीच्या खिडकीत उभीसुद्धा करत नाही. पाच वेगवेगळ्या परिस्थितींना यंत्राचं उत्तर एकच: शांतता. अशा शांततेतून निदान काढायचं म्हणजे नाडीपरीक्षाच, आणि वैद्यही मग तसेच भेटतात. शेजारचा इंजिनीयर विंडोज नव्याने टाकायला सांगतो. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ड्राइव्ह हातात घेऊन, दोन बाजूंनी बघून, 'डिटेक्ट होत नाही' असं जाहीर करतो, जे आपल्याला ठाऊक होतंच आणि तेच सांगायला आपण तिथवर गेलेलो असतो. भाचा व्हिडिओ पाठवतो, ज्यात तेच कार्ड, तीच ड्राइव्ह आणि सगळं पहिल्या मिनिटात चालू. व्हिडिओतल्या माणसाचा मदरबोर्ड वेगळा असतो, पण ते दहाव्या मिनिटाला कळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मॅन्युअल वाचा. आक्षेप रास्त आहे आणि मॅन्युअल वाचलेल्या माणसाला तो घेता येतो, म्हणूनच तो घेणारे थोडे. पण वाचायचं कुठलं? इथे तीन पक्ष आहेत. मदरबोर्डाचं मॅन्युअल स्लॉटबद्दल सांगतं, आणि तळटीपेत कळवतं की अमुक एम.२ स्लॉट वापरल्यास तमुक सॅटा पोर्ट बंद पडतील. ही तळटीप वाचली नाही तर नवी ड्राइव्ह दिसते आणि जुनी नाहीशी होते, आणि त्या दिवशी घरात वेगळंच वातावरण असतं. ड्राइव्हचं मॅन्युअल मुख्यतः वॉरंटीबद्दल असतं आणि ती कशामुळे रद्द होईल ते अनेक भाषांत सांगतं. कार्डाचं मॅन्युअल म्हणजे घडी घातलेला एक चिठोरा, त्यावर चित्र, आणि चित्रातला माणूस हसतमुख. तिघेही आपापल्या जागी खरं बोलतात. पण तुमच्या कामाचं सत्य तिघांच्या एकमेकांवर पडणाऱ्या तुकड्यात असतं आणि तो तुकडा कुणीच छापत नाही. तिन्ही कंपन्या एकमेकींना ओळखतही नसताना त्यांच्या वाक्यांचा लसावि काढण्याचं काम ग्राहकाच्या गळ्यात घालणं, आणि नाही जमलं तर 'वाचलं नाहीस' म्हणणं, यात मला वाचनप्रेमापेक्षा हात झटकणं अधिक दिसतं.

दुसरा आक्षेप असा की ही अटळ गोष्ट आहे. तंत्रज्ञान बदलतं तेव्हा संक्रमणात थोडी धुसफूस व्हायचीच. हे खोटं आहे, आणि त्याचा पुरावा त्याच मदरबोर्डावर वीतभर अंतरावर उभा असतो. रॅमकडे बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ संपर्क, लांबी तीच, दिसायला सख्ख्या बहिणी. आतून त्या एकमेकींशी बोलू शकत नाहीत, म्हणून मधली खाच मुद्दाम जागा बदलून पाडलेली आहे. डीडीआर५ची पट्टी डीडीआर४च्या स्लॉटमध्ये जात नाही. माणसाने हट्टच धरला तर काहीतरी मोडतं, आणि मोडल्याचा आवाज येतो. संदेश पोहोचतो. दुसरा पुरावा खुद्द पीसीआय एक्सप्रेस. २००३ साली पहिली पिढी आली तेव्हा दर लेनमागे वेग सेकंदाला २५० मेगाबाइट होता. तिसऱ्या पिढीत तो हजाराच्या जवळ गेला आणि पुढे दर पिढीला दुपटीने वाढला. तरीही नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये घातलं की दोघं आधी आपापसांत बोलणी करतात, दोघांना झेपेल तो वेग आणि तेवढ्या लेन ठरवतात आणि कामाला लागतात. सेकंदाला सात हजार मेगाबाइटची ड्राइव्ह एका लेनच्या जुन्या स्लॉटमध्ये पाचशेच्याही खाली रखडते, पण चालते. म्हणजे एक तर बसू द्यायचं नाही, किंवा बसू दिलं तर जमवून घ्यायचं, या दोन्ही रीती याच उद्योगाला उत्तम ठाऊक आहेत. एम.२च्या बाबतीत त्याने तिसरी निवडली: बसू द्यायचं आणि मग तोंड फिरवायचं.

तिसरा आक्षेप पैशाचा. स्वस्त कार्ड घेतलंत, भोगा. हा आक्षेप घेणारे लोक सहसा चार ड्राइव्हची महाग कार्डं घेतात, तेव्हा त्यांच्याकडेच वळू. या कार्डावर चार एम.२ स्लॉट असतात आणि ते सोळा लेनच्या स्लॉटमध्ये बसतं. प्रत्येक ड्राइव्हला चार लेन, हिशेब चोख. फक्त सोळा लेनचे चार वाटे करण्याची अक्कल कार्डात नसते. ती मदरबोर्डाच्या बायोसमध्ये असावी लागते, आणि या वाटपाला बायफर्केशन म्हणतात. बायोसमध्ये ती सोय नसेल किंवा चालू केलेली नसेल, तर चारांपैकी पहिली ड्राइव्ह दिसते आणि उरलेल्या तिघी कार्डावर शोभेला. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत त्या सोळा लेनचे फार तर आठ-आठ असे दोन वाटे पडतात. तिथे बायोस कितीही उदार असो, दोनच ड्राइव्ह दिसणार. वाटप स्वतः करणारी स्विच चिप असलेली कार्डंही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकल्यावर एकच ड्राइव्ह पुरेशी वाटू लागते. शिवाय सोळा लेनच्या लांबीचा प्रत्येक स्लॉट सोळा लेनचा असतोच असं नाही, कित्येकांत तारा चारच लेनच्या असतात, बाकीची लांबी मानासाठी. आणि २०१९ साली खुद्द इंटेलनेच ऑप्टेन एच१० नावाची पट्टी काढली, तिच्यावर अर्धी ऑप्टेन आणि अर्धी नेहमीची फ्लॅश, दोघींना दोन-दोन लेन, दोन स्वतंत्र नियंत्रक. स्लॉटने चार लेनचे दोन वाटे केले नाहीत तर या पट्टीचा अर्धाच भाग दिसतो. पैसे पूर्ण पट्टीचे द्यायचे. त्यामुळे गरिबीचा मुद्दा इथे लागू होत नाही, चटका सगळ्यांना सारखाच बसतो.

ड्राइव्ह दिसली म्हणजे संपलं, असंही नाही. ती दिसते, तिच्यावर फायली जातात, आणि मग तिच्यावरून संगणक सुरू करायचा विचार मनात येतो. इंटेलच्या २०१४ सालच्या नऊ मालिकेच्या चिपसेटांआधीच्या बहुतेक बोर्डांच्या फर्मवेअरला एनव्हीएमई वाचताच येत नाही. चालू झालेल्या विंडोजला ड्राइव्ह दिसते, पण विंडोज चालू करणाऱ्या बायोसला दिसत नाही. विंडोज ७ची स्थिती याच्या उलट, ते २००९चं, म्हणजे एनव्हीएमईच्या जन्माआधीचं. ड्राइव्ह शेजारी असूनही ते तिला ओळखत नाही, त्याला वेगळी दुरुस्ती चिकटवावी लागते. सॅमसंगने २०१५च्या ९५० प्रोमध्ये यावर उपाय म्हणून ड्राइव्हच्या पोटातच बायोसला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम घातला होता. उपाय फार चांगला होता, अर्थातच पुढे रूढ झाला नाही. मग लोक पेनड्राइव्हवर क्लोव्हरसारखा बूटलोडर घालून आधी त्यावरून निघतात आणि तो पुढे एनव्हीएमईला उठवतो. जगातल्या वेगवान साठवणयंत्रांपैकी एकाला जागं करायला चार जीबीचा जुना पेनड्राइव्ह कायमचा खोचून ठेवायचा, आणि घरातलं कुणी तो काढून त्यावर लग्नाचे फोटो घेऊन गेलं की संगणक ठप्प.

कुणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळा आकार हवा का? मग पुन्हा खणभर केबली, प्रत्येक कंपनीचं वेगळं तोंड. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण त्याचं उदाहरण आहे. अॅपलने २०१३ पासूनच्या मॅकबुकांत एसएसडीला स्वतःचंच तोंड दिलं, साधी एम.२ पट्टी त्यात बसूच शकत नाही. झालं काय? बाजाराने लगेच बोटभर अॅडॅप्टर काढला. पट्टी बसायला लागली, पण बाजारातल्या एनव्हीएमई ड्राइव्हशी बोलणं जमायला २०१७ची मॅकओएस हाय सिएरा यावी लागली. म्हणजे बंद आकारानेही बसतं-पण-चालत-नाही हीच अवस्था आली, फक्त जास्त खर्चात. तेव्हा कंपनीगणिक आकार नकोच. रॅमने दाखवलेला मार्ग भाषेगणिक आकाराचा आहे. सॅटाला एक खाच, एनव्हीएमईला दुसरी, आणि दोन्ही खाचांची पट्टी काढायला मनाई. एकाच स्लॉटात दोन्ही चालवण्याची सोय लॅपटॉप बनवणाऱ्यांना हवी होती हे खरं, त्या वर्षांत सॅटा स्वस्त होतं आणि पुढचं कुणाला दिसत नव्हतं. त्यांच्या बोर्डावर दोन्हींच्या तारा होत्या, त्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्यांनी रूढ केलेला आकार उचलून तारा मात्र अर्ध्याच घालणाऱ्या कार्डांमुळे, आणि जुना काळही काही सोन्याचा नव्हता हे मान्य करूनही मी हे म्हणतो. आयडीईच्या मास्टर-स्लेव्ह जंपरांनी पुष्कळांचे रविवार खाल्ले आहेत. पण निदान जंपर डोळ्यांना दिसायचा.

उरला शेवटचा युक्तिवाद: सॅटाची एम.२ पट्टी आता मावळतीला लागली आहे, थोडं थांबा, प्रश्न आपोआप सुटेल. नव्या संगणकांपुरतं हे बरोबर आहे. पण अॅडॅप्टर कार्ड ही वस्तूच मुळी नव्या संगणकासाठी नसते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी, मामाच्या ऑफिसातून आलेला बोर्ड, दोघांचा मेळ घालायचा म्हणून ते विकत घेतात; सॅटाच्या पट्ट्या दुकानातून गेल्यावरही खणांमध्ये वर्षानुवर्षं राहणार आणि हे कार्ड त्यांनाच भेटणार. नव्यातही कुठे सगळं आलबेल आहे? रास्पबेरी पाय ५ला २०२४ साली एम.२चं अधिकृत जोडकार्ड मिळालं, ते २२३० आणि २२४२ लांबीच्या एनव्हीएमई पट्ट्या घेतं, सॅटा घेत नाही, आणि बाजारात सर्वांत सहज मिळणारी २२८० त्यावर मावत नाही. ही शेवटची अडचण मला आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. मोठमोठ्या सर्व्हरवाल्यांनी तरी शहाणपण दाखवलं असेल म्हणावं, तर तिथे यू.२ आणि यू.३. तोंड दिसायला तेच. यू.३ची ड्राइव्ह यू.२च्या जागेत चालते, यू.२ची ड्राइव्ह निव्वळ यू.३च्या जागेत नीट बसते आणि चालत नाही. हे विकत घेणाऱ्यांकडे पगारी तज्ज्ञ असतात, मॅन्युअलं वाचणारे.

आता पट्ट्यांचा आकार बदलायला कुणी बसणार नाही, कोट्यवधी विकल्या गेल्या. पण कार्ड सुधारायला मोठी क्रांती लागत नाही. ६९वा संपर्क आधीपासून खरं सांगतोच आहे. कार्डावर एक दिवा आधीपासून आहेच, त्याच्या शेजारी दुसरा, लाल, त्या संपर्काला जोडलेला, एक ट्रान्झिस्टर आणि दोन रोधांसह. सॅटाची पट्टी एनव्हीएमईच्या कार्डात घातली की लाल दिवा लागेल. खर्च जेमतेम चहाएवढा, तोही कटिंग. शिवाय कार्डावर जिथे कंपनीचं नाव आणि ज्वाळांचं चित्र छापतात तिथे एक ओळ, 'यात सॅटा चालत नाही', एवढ्या टपोऱ्या अक्षरांत की वस्तू हातात घेण्याआधी वाचता यावी. हे कुणी करत नाही याचं कारण उघड आहे. कार्ड बनवणाऱ्याला तक्रार पोहोचतच नाही. ग्राहक ड्राइव्ह परत करतो, 'डिटेक्ट होत नाही' असं लिहून तिला एक तारा देतो, आणि बदलून आलेली ड्राइव्हही दिसली नाही की तिच्या कंपनीला पुन्हा एक. कार्डाला मात्र पाच तारे मिळालेले असतात, कारण ते वेळेवर आलं, पॅकिंग चांगलं होतं आणि दिवा छान लागतो.